आजी, जरा वाकून चाला

बी. ए. भाग २

युवा महोत्सवासाठी आमची एकांकिका बसू लागली तेव्हा नायिका व्हायला तिघी तयार होत्या, नायिकेची मैत्रीण व्हायला दोघी. म्हातारी व्हायला मात्र कुणीच पुढे येईना. थोडा वेळ साऱ्याजणी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्यावर येऊन थांबल्या. मी अंगाने भरलेली, रंगाने सावळी, आणि कितीही सांभाळून बोलले तरी माझ्या तोंडून एखादा 'व्हय' निसटतोच. एवढी पात्रता पुरेशी होती! मला वाईट वाटले नाही, हे खरेच सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, तेव्हा रंगमंचाची पायरी चढणारीही मीच पहिली. काम कुठले का असेना, मिळाले होते.

मग मी म्हातारी होऊ लागले. केसांना टाल्कम पावडर, आईचे जुने लुगडे, हातात काठी. घरातल्या लोखंडी कपाटाच्या आरशापुढे मी रोज तासभर कमरेत वाकून चालण्याचा सराव करीत असे. आवाज कापरा केला, मान हलती ठेवली, दर दोन वाक्यांमागे एक खोकला घातला. तालमीला आलेल्या मुली पोट धरून हसत. सर म्हणाले, "छान! पण अजून थोडी वाक." मी आणखी वाकले.

प्रयोगाच्या आठवड्यात आज्जी सांगलीला आमच्याकडे आली होती. मिरजेला तिच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा लावून, डोईवरचा पदर कानामागे खोचून ती पुढच्या रांगेत आईशेजारी बसली. आयुष्यात तिने पाहिलेले हे पहिलेच नाटक. गावच्या जत्रेतला तमाशा सोडला तर. माझ्या प्रवेशालाच हशा आला. पुढे टाळ्याही आल्या. अभिनयाचे उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले आणि मी हवेत तरंगतच घरी आले.

रात्री जेवताना आज्जीने विचारले, "नाटकातली म्हातारी कोण हुती गं?"

"मीच की आज्जी! वळखलं न्हाईस व्हय?"

"तू हुतीस त्ये कळलं मला. एक डोळा झाकलाय, दुसरा उघडा हाय. ती म्हातारी कुणावानी हुती, त्ये इचारती."

मला उत्तर सुचेना. म्हटले, "म्हाताऱ्या बाईवानी."

आज्जीने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "मी अशी चालती व्हय?"

मी हसले. आईही हसली. आज्जी हसली नाही.

आता आज्जी कशी चालते ते सांगायला हवे. माझे आबा वाई तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून हळदीच्या पोत्यांबरोबर ट्रकवर बसून सांगलीला आले, मार्केट यार्डात हमालीला लागले आणि इथलेच झाले. आई हळदीच्या गोदामात निवडणीला जाते. आज्जी मात्र गावीच राहिली. तिचे नेमके वय कुणालाच ठाऊक नाही. आधार कार्डावर १ जानेवारी आहे, पण तशी ती गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कार्डावर आहे! कोयनेचा भूकंप झाला (१९६७) तेव्हा आपण परकर नेसत होतो, एवढे ती सांगते. त्या हिशेबाने ती सत्तरीला टेकली. अजूनही दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. पन्नास-पंचावन्न वर्षे डोक्यावरून पाणी, वैरण, शेण आणि हळदीची पाटी वाहिलेली बाई ती. डोक्यावर ओझे असले की माणसाला वाकता येत नाही. तिची पाठ बाभळीच्या खोडासारखी सरळ आहे. बांधावरून ती चालू लागली की मला तिच्या मागे पळावे लागते.

त्या रात्री मी ती सरळ पाठ पाहिली. ती रोजच डोळ्यांपुढे होती, पण म्हातारी व्हायचे ठरल्यावर मला ती आठवलीसुद्धा नव्हती.

आणि मग तो शूटिंगचा प्रसंग आठवला. आमच्या घरात तो विनोद म्हणून सांगितला जातो. वाई आणि मेणवलीचे घाट ही तर सिनेमावाल्यांची जुनी जागा. 'स्वदेस' (२००४) तिथला, 'दबंग' (२०१०) तिथला. आमची वाई पडद्यावर कधी उत्तर प्रदेश होते, कधी बिहार. वाई म्हणून तिला बिचारीला क्वचितच काम मिळते. सहा-सात वर्षांपूर्वी अशाच एका शूटिंगला गर्दीसाठी गावातल्या बाया हव्या होत्या. रोजाचे पाचशे रुपये आणि दुपारचे जेवण. भांगलणीला तेव्हा त्याच्या निम्मेही मिळत नव्हते. आज्जी गेली. घाटावरच्या बाजारातून पाटी घेऊन जायचे, एवढेच काम होते. ती गेली सरळ, नेहमीसारखी. लगेच एक पोरगा छत्री सावरीत धावत आला. "आजी, जरा वाकून चाला ना. म्हातारं वाटलं पाहिजे."

आज्जी म्हणाली, "डोईवर पाटी हाय, लेकरा. वाकले तर पडंल."

त्याला ते पटले. त्याने पाटी काढून घेतली आणि हातात काठी दिली! तीन वेळा आज्जी त्या घाटावरून वाकून गेली. "उभ्या जल्मात माजी पाठ दुखली न्हवती," ती सांगते, "त्या पाचशे रुपयांनी दोन दिस दुखली." पुढे तो सिनेमा आबांनी मोबाईलवर लावून तिला दाखवला. आज्जी दिसलीच नाही. दिसली ती फक्त काठी, तीही पुसट.

इतकी वर्षे या गोष्टीला मी पोटभर हसत आले होते. त्या रात्री मात्र लक्षात आले की छत्रीवाला पोरगा आता मीच झाले होते. मग मी म्हातारी शिकले तरी कुणाकडून? घरातल्या म्हातारीकडून नक्कीच नव्हे. मी ती शिकले सिनेमा आणि मालिकांकडून. मग त्यांनी ती कुणाकडून घेतली, हे शोधण्याचा मला नादच लागला. ग्रंथालयातली जुनी मासिके चाळली, मोबाईलवर जुने सिनेमे पाहिले. त्यात बऱ्याच गोष्टी कळल्या आणि काही वेळा हसूही आले.

सांगली ही नाट्यपंढरी, हे आपण प्रत्येक भाषणात ऐकतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच केले. त्या रंगभूमीवर बाई नव्हतीच. सीता पुरुष, तिच्या सख्याही पुरुष. पुढे आपल्या जिल्ह्यातल्या नागठाण्याशी नाते सांगणारे बालगंधर्व आले. ते १८८८ चे. वयाची पन्नाशी गाठल्यावरही ते नायिका रंगवीत होते आणि प्रेक्षक ते आनंदाने पाहत होते. त्यांच्या थोरवीबद्दल मी काय बोलणार? पण शेजारीच दुसरी गोष्ट ठेवून पाहा. सुलोचनाबाई, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राच्या सुलोचनादीदी, सीमेवरच्या खडकलाट गावी १९२८ साली जन्मल्या. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मध्ये त्या आई झाल्या. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या पडद्यावरच्या मुली कोण? एक नूतन, त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. दुसरी शशिकला, चारच वर्षांनी लहान! पुढे 'जॉनी मेरा नाम' (१९७०) मध्ये त्या देव आनंदच्या आई झाल्या. देव आनंद त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे होते. म्हणजे पुरुषाला पन्नाशीत नायिका होता आले आणि बाईला तिशीत म्हातारी व्हावे लागले. गंमतच आहे!

रोहिणी हट्टंगडींचेही तसेच. 'गांधी' (१९८२) मध्ये कस्तुरबा, 'सारांश' (१९८४) मध्ये मुलगा गमावलेली वृद्ध आई, आणि 'अग्निपथ' (१९९०) मध्ये अमिताभ बच्चनची आई. तो मुलगा आईहून वयाने मोठा! न्यायाने हेही सांगायला हवे की 'सारांश'मधला म्हातारा झालेले अनुपम खेर तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. पण ते पुढे पुन्हा तरुण होऊ शकले. बाई एकदा आई झाली की तिला परतीची एस. टी. नसते.

आई नाही झाली तर तिला सासू व्हावे लागे. ललिता पवार नायिका होत्या. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांचा डोळा कायमचा अधू झाला. त्याच अधू डोळ्याची पुढे साऱ्या देशाने धास्ती घेतली. 'अनाडी' (१९५९) मधली वरून कडक आणि आतून मऊ मिसेस डिसा त्यांनीच केली, पण आमच्या बायकांच्या लक्षात राहिली ती छळणारी सासू आणि टीव्हीवरच्या 'रामायणा'तली (१९८७) मंथरा. मग 'माहेरची साडी' (१९९१) आला. आज्जीने तो जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिला. अलका कुबल सून, उषा नाडकर्णी सासू. तंबूतल्या बाया त्या सासूला मोठ्याने शिव्या देत होत्या, असे आज्जी सांगते. मी विचारले, "तूपण दिल्यास?" ती म्हणाली, "दिल्या की! माजी सासू शेजारीच बसली हुती. तिला दुसरीकडनं ऐकू जात न्हवतं."

थोडक्यात, पडद्यावर म्हातारीला दोनच कामे होती. देवापुढे निरांजन लावून मुलाची वाट पाहायची, नाहीतर सुनेच्या हातावर निखारा ठेवायचा. दोन्ही कामे ती घरात बसून करी.

टीव्हीने हे बदलले. पण पहिल्यांदा बदलले ते जरा विचित्र तऱ्हेने. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून तीन हजारांहून अधिक भाग चालली. तिच्या मध्यभागी पुन्हा रोहिणी हट्टंगडीच होत्या. म्हणजे सासू गोष्टीच्या कडेची मधोमध आली. मोठा वाडा, मोठा अंबाडा, मोठे कुंकू. माझे बालपण त्या मालिकेच्या आवाजात गेले. आई दिवसभर हळदीत हात पिवळे करून यायची आणि भाकऱ्या थापता थापता त्या घरातल्या भांडणात रमायची. ते घर कशावर चालते, पैसा कुठून येतो, भांडी कोण घासते, हे कधी दिसत नसे. विचारावे असेही आम्हाला वाटत नसे.

मग 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९) आली. त्यात निवेदिता सराफ यांची आसावरी विधवा सासू होती, आणि तिचे लग्न तिची सूनच लावून देते. आमच्या गल्लीत त्यावर केवढी चर्चा झाली! गल्लीतल्याच एक मावशी तिशीतच विधवा झालेल्या. एरवी त्या सगळ्यांत बोलत. ती मालिका लागली की मात्र उठून घरी जात. कशासाठी जात, हे मी तेव्हा विचारले नाही. आता विचारायचा धीर होत नाही.

२०२३ च्या जून महिन्यात दोन गोष्टी घडल्या. ४ जूनला सुलोचनादीदी गेल्या; चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. आणि ३० जूनला 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, वंदना गुप्ते, आणि सर्वांत थोरली पुन्हा रोहिणी हट्टंगडीच! कस्तुरबांपासून त्या साऱ्या रांगेतून चालत आलेली बाई आता पडद्यावर फुगडीच्या गोष्टीत उतरली होती. गोदामातल्या सतरा बायका एक टेम्पो ठरवून सिनेमाला गेल्या. आई पंधरा वर्षांनी थिएटरात गेली. येताना त्यांनी टेम्पोतच गाणी म्हटली आणि उतरल्यावर गल्लीच्या तोंडाशी दोन फेर धरले. आईला मी नाचताना तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. तिच्या हाताला हळद होती, ती दुसऱ्या बायकांच्या हातांना लागत होती. त्या सिनेमाला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, मलाही त्यात काही गोष्टी उथळ वाटल्या. पण तो टेम्पो पाहिल्यावर मी तोंड मिटून घेतले. त्याआधी 'झिम्मा' (२०२१) मधल्या बायका इंग्लंडला सहलीला गेल्या होत्या. 'फोटो प्रेम' (२०२१) मध्ये नीना कुळकर्णींची बाई फोटो काढून घ्यायलाच भिते, आणि गेल्यावर आपला चेहरा कुणाला आठवेल का या काळजीत पडते. तो मला फार आवडला. आमच्या आज्जीचाही आधार कार्डाखेरीज एकच फोटो आहे. त्यात ती दुसऱ्याच्या लग्नात मागच्या रांगेत उभी आहे.

हे सगळे मी उत्साहाने आज्जीला सांगत होते. म्हातारी बाई आता लग्न करते, विमानात बसते, नाचते! आज्जी ऐकत होती. मग तिने एकच विचारले, "आन् ह्या कामाला कवा जात्यात?"

मी म्हटले, "कुणी बँकेत जाती, कुणी घरीच असती."

"तसं न्हवं. म्हातारपणी रानात कुनी जातीया का त्यात? माझ्या बरुबर धा-बारा म्हाताऱ्या हायत्या टोळीत. त्यातली एक तरी?"

मी आठवू लागले. 'लागिरं झालं जी' (२०१७-१९) मधली जिजी आठवली. आमच्याच साताऱ्याकडची मालिका, फौजी अजिंक्यची ती आजी. जिजीची भाषा आमची होती. ते काम कमल ठोके यांनी केले. त्या कऱ्हाडच्या, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पोरांना बाराखडी शिकवणाऱ्या या बाईंनी कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचे मनावर घेतले आणि जिजी घरोघरी पोचली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या गेल्या. 'देवमाणूस'मधली सरू आजी आठवली. रुक्मिणी सुतार यांच्या तोंडी म्हणी आणि शिव्या अशा काही शोभत की ऐकतच राहावे. पण ती बोलायला लागली की हसायचेच, हे आधीच ठरून गेलेले होते. 'अज्जी' (२०१७) नावाचा हिंदी सिनेमा मी पुढे पाहिला. सुषमा देशपांडे त्यात शिवणकाम करून पोट भरणारी झोपडपट्टीतली म्हातारी झाल्या आहेत. 'व्हय मी सावित्रीबाई' गावोगाव करणाऱ्या त्याच या सुषमा देशपांडे, आणि सावित्रीबाई तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. तिथे एकदाची कष्टाची म्हातारी दिसली. पण तिला गोष्टीच्या मधोमध यायला नातीवर बलात्कार व्हावा लागला आणि हातात सुरा घ्यावा लागला. नुसती खुरपे घेऊन ती आली असती तर सिनेमा झाला नसता.

मग आज्जीच म्हणाली, "ती न्हाई का, आमच्या काळूबाईची मालिका चालली हुती, त्यातली गेली ती बाई?"

आशालता वाबगावकरांचे ते बोलणे होते. तो सप्टेंबर २०२० मला चांगला आठवतो. मी दहावीत होते, शाळा मोबाईलवर होती. कोरोनामुळे सरकारने मे महिन्याच्या अखेरीस चित्रीकरणाचे नियम केले. पासष्ट वर्षांवरच्या कुणालाही सेटवर येता येणार नाही, असे त्यांत होते. मालिका सुरू झाल्या त्या आज्या-आजोबांवाचून. कुणी गावी गेलेले दाखवले, कुणी नुसतेच गायब. एका सत्तर वर्षांच्या कलावंताने न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. म्हातारी माणसे कामावर परत आली. आशालताबाई 'आई माझी काळूबाई'च्या चित्रीकरणासाठी साताऱ्याला आल्या. त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. गोव्यात जन्मलेल्या, 'मत्स्यगंधा'त गाऊन नाव मिळवलेल्या. 'उंबरठा'सह कितीतरी सिनेमे केलेल्या. त्या मालिकेची निर्मिती अलका कुबल यांची. तंबूतल्या बाया जिच्यासाठी रडल्या होत्या, ती सून आता स्वतःच मालिका काढीत होती. सेटवर कोरोना शिरला. २२ सप्टेंबरला आशालताबाई साताऱ्यातच वारल्या.

मांढरदेवचा डोंगर आज्जीच्या दारातून दिसतो. त्यामुळे ती मालिका ती पहिल्या दिवसापासून पाहत होती. बातमी कळल्यावर आबांनी सांगलीहून फोन केला. "बघ आई, एवढ्या मोठ्या बाईला कळलं न्हाई. तू तरी आता घरात बस. रान पुरं झालं. गाडी सुरू झाली की इकडं ये."

आज्जीने विचारले होते, "किती वर्साची हुती म्हनालास?"

"एकूणऐंशी."

"आन् कामावर हुती?"

"हुती की. म्हणून तर..."

"बरं वाटलं," आज्जी म्हणाली. आबा दचकलेच. मग तिने सांगितले, "मेली त्याचं न्हवं रं. त्याचं वाईटच वाटलं. कामावर हुती, त्याचं."

ते तेव्हा मला कळले नव्हते. आता थोडेसे कळते असे वाटते. आशालताबाई काय किंवा कमल ठोके काय, पडद्यावर त्या बसलेल्या म्हाताऱ्या होत्या. पण बसण्याचे ते काम करायला त्या पहाटे उठत होत्या, गाडीने दूरवर येत होत्या, तोंडाला रंग लावून, लिहिलेली वाक्ये पाठ करून, दिव्यांच्या उकाड्यात दहा-बारा तास काढीत होत्या. मुलाची वाट पाहणारी सुलोचनादीदींची आई ही त्यांची नोकरी होती. आम्ही पाहिली ती आई; कामाला निघालेली बाई आम्हाला दिसली नाही. आज्जीला तेवढीच दिसली, कारण तिच्या ओळखीची तीच होती.

न्यायालयात गेलेल्या त्या वृद्ध कलावंताची गोष्ट मी आज्जीला सविस्तर सांगितली. तिला ती फार आवडली. दोनतीनदा तिने विचारले, "मग जज काय म्हनला?" आबा बाजूलाच होते. तेही ऐकत होते. कारण आमच्या घरात तोच खटला चालू होता. डोळा बरा झाला की आज्जीने सांगलीतच राहायचे, असे आबांनी ठरवून टाकले होते. त्यांचेही खरे आहे. दिवसभर पोती वाहून त्यांची पाठ चाळिशीतच गेली आहे. त्यांना वाटते, आपल्या आईने तरी आता सुखाने बसावे. खोलीत तिच्यासाठी एक खुर्चीही आणली होती, प्लॅस्टिकची, हात असलेली. आज्जी त्या खुर्चीवर आठ दिवस बसली. नवव्या दिवशी तिने पिशवी भरली.

मी स्टँडवर पोचवायला गेले. आबा आले नाहीत. काळा चष्मा लावून आज्जी सातारा गाडीत चढली. कंडक्टर म्हणाला, "आजी, सावकाश." तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलनात एकांकिकेचा पुन्हा प्रयोग ठरला. तालमीत मी सरांना म्हटले, "सर, या वेळी मी सरळ चालू का?" सर जरा विचारात पडले. "का गं? बक्षीस मिळालंय त्या चालण्याला." मी म्हटले, "आमच्या आज्जीची पाठ सरळ आहे." सर म्हणाले, "आज्जीची असेल. प्रेक्षकांना कळायला नको का?" पण मग म्हणाले, "बघ करून."

मी काठी टाकली. पावडर लावली, पण खोकला काढून टाकला. आज्जीसारखी चालत आत आले. पाय झपझप, मान स्थिर, डोक्यावर पाटी असल्यासारखी. हशा आलाच नाही. पहिली दोन मिनिटे मागच्या मुलांना कळेना की ही कोण आली आहे. एकजण ओरडलासुद्धा, "म्हातारी कुठाय?" माझे हात थंड पडले. पुढची वाक्ये मी कशीबशी म्हटली. एका जागी, जिथे म्हातारी आपल्या वाटणीचे रान मागते, तिथे मात्र सारे सभागृह गप्प झाले होते, हे मला आतून जाणवले. मागच्या वेळी त्याच वाक्याला टाळ्या आणि शिट्ट्या आल्या होत्या. पडदा पडल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, "या वेळी रंगलं नाही गं. तू म्हातारी वाटलीच नाहीस." बक्षिसांच्या यादीत माझे नाव नव्हते.

रात्री आज्जीला फोन लावला. शेजारच्या काकूंनी फोन नेऊन दिला. सगळे सांगितले.

"वाकली न्हाईस म्हनं?"

"न्हाई."

"मग हासली का लोकं?"

"न्हाई हासली."

आज्जी थोडा वेळ काही बोलली नाही. तिकडे कुत्रे भुंकत होते. मग म्हणाली, "हळद काढायला लागलीया. पुढच्या म्हयन्यात काहिली लागंल. तुला सुट्टी कवा हाय? येताना तुझ्या बापालाबी घेऊन ये. त्येला म्हनावं, ती खुर्ची आन हिकडं. शिजल्याली हळद उन्हात टाकून राखत बसाया बरी पडंल."